नाममुद्रा आणि लेखकाचा हक्क

हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून ओळखले जाते. नामदेवांच्या काळी महाराष्ट्रात छापखाना नव्हता. अभंग मुखोमुखी पसरत, वह्यांत उतरून घेतले जात. त्यासाठी कोणाची अनुमती लागत नसे. रचना कोणाची, हे अखेरच्या चरणातील ‘नामा’ या मुद्रेवरून कळे. परंतु मुद्रा म्हणजे केवळ खूण. तिला पहारा करता येत नाही. पुढे सोळाव्या शतकात विष्णुदास नामा हा कवी झाला आणि त्याच्या कित्येक रचना नामदेवांच्या गाथेत मिसळून गेल्या. त्या निवडून काढताना संशोधकांची आजही दमछाक होते. ही सरमिसळ अजाणता झाली. सतराव्या शतकात सालोमालो याने मात्र तुकोबांच्या अभंगांत चक्क स्वतःचे नाव घातले. तुकोबांनी अभंगांतूनच त्याचा समाचार घेतला; दुसरे न्यायालय होते कोठे?

भारतात १९५७ च्या कायद्याने लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ५० वर्षे राखला. १९९२ साली ही मुदत ६० वर्षे झाली. नामदेवांचे अभंग आज कोणीही छापावेत. परंतु आधुनिक संपादकाने त्यांना जोडलेली प्रस्तावना व टीपा ही त्याची स्वतःची निर्मिती होय. अभ्यासासाठी तीतला उतारा उतरून घेण्यास कायद्याची हरकत नाही. मुदत सरण्यापूर्वी परवानगीवाचून तिच्या प्रती काढून विकणे हा मात्र गुन्हा ठरतो.