भाषांतरकाराची पारख

सावरकरांनीं लंडनमध्यें असतां मॅझिनीचें आत्मचरित्र मराठींत आणिलें व तें पुस्तक १९०७ सालीं प्रसिद्ध झालें, हें आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. पण तें भाषांतर मूळ इटालियनवरून नव्हे, इंग्रजीवरून झालें होतें. इटली व आपण यांच्यामध्यें इंग्रजीचा पूल आजही आहे. इटालियन सॉफ्टवेअरमधील मजकूर बहुधा आधीं इंग्रजींत येतो, तेव्हां तो आपल्या उपयोगी पडतो.

हें काम पुष्कळदां शब्दागणिक मोबदला घेणारे स्वतंत्र भाषांतरकार करितात. बुलढाणें जिल्ह्यांत मलकापुरास वा मेहकरास राहूनही तें करितां येतें. म्हणून घरांतील मुलामुलींस त्याचा मोह पडणें साहजिक आहे. तथापि योग्य माणूस कसा निवडावा, हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

भाषांतर आपल्या अंगीं सर्वांत मुरलेल्या भाषेंत करावें, हा पहिला नियम. इटालियन समजली, पण इंग्रजी तोकडी पडली, तर काम फसतें. दुसरें असें कीं, सारखे दिसणारे शब्द चकवितात. ‘एव्हेन्तुआल्मेन्ते’ हा शब्द इंग्रजी ‘इव्हेंच्युअली’सारखा दिसतो, पण त्याचा अर्थ ‘अखेरीस’ नसून ‘प्रसंगीं’ असा आहे. ‘प्रसंगीं फाइल पुसली जाईल’ याचें ‘अखेरीस पुसली जाईल’ झालें, तर वाचणारा विनाकारण घाबरेल! शिवाय बटणावर जागा थोडी असते, आणि मजकुरांत नांव वा आंकडा भरण्यासाठीं जीं चिन्हें असतात, तीं जशींच्या तशीं राखावीं लागतात.

म्हणून काम देणाऱ्यानें केवळ शिफारशीवर न विसंबतां शंभर-दोनशें शब्दांचा नमुना मोबदला देऊन करवून घ्यावा व दुसऱ्या जाणत्याकडून तपासावा. २०१५ सालच्या आयएसओ १७१०० या प्रमाणानेंही दुसऱ्या माणसाची तपासणी आवश्यक ठरविली आहे.

उमेदवारास सिएना व पेरुजा येथील विद्यापीठांच्या इटालियन भाषेच्या परीक्षा आहेत. आतां यंत्रही क्षणांत भाषांतर करितें; परंतु त्याची चूक सफाईदार वाक्यांत लपलेली असते. ती ओळखणाऱ्यासच यापुढें मोल राहील. तेव्हां वडीलधाऱ्यांनीं मुलांस घरबसल्या कमाईची घाई न लावतां भाषेच्या अभ्यासासाठीं कांहीं वर्षें मोकळीं द्यावीं, एवढेंच आमचें सांगणें आहे.