तळ्याकाठची मते

आमच्या गल्लीत निवडणुकीची पहिली खबर झाडू देतो. एरवी आठवड्यातून दोनदा दिसणारा तो सुरसागरच्या पाळीवर रोज पहाटे खरखरू लागला, कठड्याच्या जाळीला रंग चढला आणि दोन वर्षे आंधळा असलेला कोपऱ्यावरचा दिवा एका रात्रीत डोळस झाला, की घरातली वडील माणसे म्हणतात, "आले वाटते इलेक्शन!" २०२१ च्या जानेवारीतही असेच झाले. फेब्रुवारीच्या २१ तारखेला बडोदे महानगरपालिकेसाठी मतदान व्हावयाचे होते.

आमचे घर तळ्यासमोर. आजोबांनी ते बांधले तेव्हा सयाजीराव महाराज गादीवर होते आणि माडीच्या खिडकीतून पाण्यापलीकडे न्यायमंदिराचे घुमट मोकळे दिसत. संगीत महाविद्यालय म्हणजे १८८६ साली मौलाबक्षांनी सुरू केलेल्या गायनशाळेचा वंश. तेथली मुले संध्याकाळी रियाजाला बसली, की वारा इकडचा असल्यास एखादी तान पाण्यावरून आमच्या ओसरीपर्यंत येई. आता पाण्याच्या मधोमध १११ फुटी महादेव उभा आहे आणि रात्री त्याच्यावर दिव्यांचा झोत असतो. पुण्याहून आलेले पाहुणे खिडकीशी उभे राहून म्हणतात, "काय भाग्यवान तुम्ही!" पाहुणे बहुधा दिवाळीत येतात. वैशाखात आले असते तर खिडकी उघडली नसती.

वैशाखात पाणी खाली जाते, हिरवे होते, आणि एखाद्या सकाळी पायऱ्यांशी मासे उलटे तरंगताना दिसतात. त्या दिवशी शेजारीपाजारी जेवणे उरकून घेतात ती नाकाला पदर लावून. मी या बाबतीत एका कचेरीत तीन अर्ज दिले. पहिल्याची पोच मिळाली. दुसऱ्यावर मला सांगण्यात आले की हा विषय दुसऱ्या खात्याचा आहे. आणि दुसऱ्या खात्याने तिसऱ्या अर्जावर पहिल्या खात्याचे नाव सुंदर अक्षरात लिहून दिले. ते कागद मी जपून ठेवले आहेत. अक्षर खरोखरच चांगले आहे.

आमचा स्वार्थ या तळ्यात आहे, हे मी नाकारीत नाही. घराची किंमत, घराचा वास, घराची झोप, सारे त्या पाण्यावर अवलंबून. रस्त्यावरच्या खाद्यपदार्थांच्या गाड्या रात्री उशिरापर्यंत असतात, त्यांच्या गिऱ्हाइकांची वाहने आमच्या ओट्याला टेकून उभी राहतात, आणि एखाद्या रात्री कोणाला दवाखान्यात न्यावयाचे झाले तर आधी हॉर्न वाजवून अर्धी गल्ली जागी करावी लागते. पण गाडीवाल्याचेही पोट त्याच तळ्यावर आहे. त्याला गर्दी हवी, आम्हाला शांतता हवी. उमेदवार दोघांनाही हो म्हणून जातो.

तळ्याकाठच्या लोकांनी स्वतःचाही थोडा हिशेब मांडावा. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही मराठी मंडळींनी याच पाण्यात गणपती पोचवले. दीड दिवसाचे, पाच दिवसांचे, गौरींबरोबरचे आणि अनंत चतुर्दशीचे. शाडूची मूर्ती होती तोवर पाणी ते सोसत होते. पुढे प्लास्टर आले, रासायनिक रंग आले, निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट जाऊ लागले, तरी आमच्यापैकी कोणी ब्र काढला नाही. विसर्जन नवलखीच्या मैदानावरच्या कृत्रिम तलावात होऊ लागले तेव्हा मात्र आमच्याच घरांतून "परंपरा गेली" अशी ओरड झाली. मीही ओरडलो होतो. घरची मूर्ती अंगणातल्या पिंपात विसर्जन करताना पहिल्या वर्षी हात थरथरला. दुसऱ्या वर्षी ती माती तुळशीला घातली आणि बरे वाटले.

या तळ्याचे दुखणे तसे जुने. १८९२ साली आजव्याचे पाणी शहरात आले. दगडी काठांनी बांधलेला हा अठराव्या शतकातला तलाव त्या दिवसापासून शोभेचा झाला. ज्या पाण्यावर तहान अवलंबून नाही त्याची निगा राखण्याची सवय हळूहळू सुटते. रंगरंगोटी राहते. निवडणुकीच्या तोंडी तर ती फार राहते.

उमेदवार आमच्याकडे आले ते एका संध्याकाळी, वीस-पंचवीस माणसे, एक ढोल आणि गळ्यात उपरणी. मुख्य उमेदवार आमच्याच मागच्या पोळीतला गुजराती मुलगा, लहानपणी आमच्या अंगणात पतंग शोधायला येई. आईच्या पाया पडून तो म्हणाला, "आई, कंई तकलीफ छे?"

आई तेव्हा चौऱ्याऐंशीची. ती म्हणाली, "मला कसली रे? तकलीफ त्या पाण्याला आहे. तळ्याच्या पोटात दारे आहेत ना, जास्तीचे पाणी विश्वामित्रीत सोडायची? ती शेवटची कधी उघडली, साफ कधी केली, तेवढे मला विचारून सांग."

मुलगा गोंधळला. त्याने बरोबरच्या माणसाकडे पाहिले. त्या गृहस्थाने डायरी काढून काहीतरी टिपले. मी हळूच डोकावलो, लिहिले होते, "लाइट."

आईचा प्रश्न म्हातारीचा चाळा नव्हता. सुरसागर भरला की जमिनीखालच्या दारांतून त्याचे पाणी विश्वामित्रीला जाते, अशी जुनी योजना. पण नदीच भरून वाहत असली तर तळ्याने पाणी टाकायचे कुठे? २०१९ च्या पावसाळ्यात एका दिवसात शहर बुडाले ते आम्ही पाहिले होते. पुढे २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री २६ फुटांची धोक्याची रेषा ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली, मगरी वस्तीत आल्या, आणि ज्या नगरसेवकांना ढोल लावून निवडून आणले ते भेटायला गेले तेव्हा लोकांनी त्यांना दारातून परत पाठवले. तळी, कांस आणि नदी हा एकच संसार आहे. कागदावर मात्र त्यांची खाती वेगळी.

नावांचीही गोष्ट सांगितली पाहिजे. १९९३ च्या ऑगस्टात याच सुरसागरात नाव उलटून वीसांहून अधिक माणसे गेली. आमच्या खिडकीतून त्या रात्री पाण्यावर कंदील आणि बॅटऱ्या फिरताना दिसत होत्या. आईने दोन दिवस खिडकी लावून घेतली. त्यानंतर तीस वर्षांनी, १८ जानेवारी २०२४ रोजी, हरणीच्या तळ्यावर शाळेची सहल गेली. नावेत क्षमतेपेक्षा अधिक मुले होती, सगळ्यांच्या अंगावर जाकिटे नव्हती. बारा मुले आणि दोन शिक्षिका परत आल्या नाहीत. तो तलाव चालवायला ठेक्याने दिलेला होता. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, ठेक्याचे कागद निघाले. ते कागद निघेपर्यंत मतदारांपैकी किती जणांना ठाऊक होते की आपल्या नावाने, आपल्या सभागृहाने कोणते पाणी कोणाला दिले आहे? मला ठाऊक नव्हते. आणि मी तळ्याकाठी राहणारा, अर्ज लिहिणारा माणूस.

म्हणून पाळीवरच्या बाकांचा रंग कोणता असावा यावर उमेदवाराशी वाद घालण्यात मला आता रस राहिला नाही. ठेका कोणाला, किती वर्षांचा, नावेची तपासणी कोण करतो आणि त्या कागदावर सही कोणाची, एवढे विचारावे. गोत्री, कमलानगर, हरणी, जिथे जिथे तळ्याच्या काठाने नवी घरे उठली आहेत तिथल्या लोकांनीही तेच विचारावे.

पण विचारायचे कोणाला, ही आणखी एक गंमत. आपल्याकडे १९ वॉर्ड आणि ७६ जागा. म्हणजे एकेका वॉर्डाचे चार नगरसेवक. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. आमचे तळे चार घरचे पाहुणे. एकाने सांगावे, "ते दुसरे भाई पाहतात." २०२१ साली ७६ पैकी ६९ जागा एकाच पक्षाला मिळाल्या. जिंकणाऱ्यांचे अभिनंदन, परंतु ज्या सभागृहात उलट प्रश्न विचारणारे सातच असतात तिथे तळ्याच्या पोटातली दारे कोणाच्या लक्षात राहणार? आणि निम्म्याहून अधिक मतदार त्या दिवशी घरीच बसले होते. मतदान सक्तीचे करण्याचा कायदा आपल्या राज्याने केला होता. २०१५ साली उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. मला ती स्थगिती योग्य वाटते. माणसाला ओढून नेले तर तो बटण दाबील, प्रश्न विचारणार नाही.

मतदानाच्या दिवशी मी आईला रिक्षाने शाळेत नेले. करोनाचे दिवस, तोंडाला पट्टी, हातावर औषध. आत यंत्रापाशी तिला फार वेळ लागला. चार मते द्यावयाची असतात. कमी दिली तर शेवटी नोंदणीचे वेगळे बटण दाबावे लागते, नाहीतर यंत्र मिटत नाही. अधिकारी बाहेरून दोनदा म्हणाले, "माजी, चार."

थोड्या वेळाने यंत्र वाजले आणि आई काठी टेकीत बाहेर आली.

"चारही दिलीस का?" मी विचारले.

"दोन," ती म्हणाली. "बाकीच्या दोघांनी पाणी पाहिलेच नव्हते. येतात ते आपले ओट्याकडे पाहत."

परतताना तिने रिक्षा पाळीशी थांबवायला लावली. कठड्याचा रंग अजून ओला होता. तिच्या तळहाताला निळा डाग पडला. घरी येऊन तिने तो रॉकेलने पुसला, आणि खिडकी उघडली.