दुचाकीचे लर्निंग लायसन्स : पंधरा प्रश्नांची तयारी (भाग तिसरा)

महाराष्ट्रात दुचाकीच्या शिकाऊ लायसन्ससाठी संगणकावर १५ प्रश्न विचारले जातात आणि त्यांतले किमान ९ बरोबर यावे लागतात. २०२१ पासून आधार क्रमांकाच्या आधारे ही चाचणी घरबसल्याही देता येते. आरटीओ कार्यालयात जाऊन देण्याची सोय आहेच. प्रश्न मराठीतून घेता येतात.

कोणत्या विषयांवर प्रश्न येतील, हे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ११व्या नियमात सांगितले आहे. वाहतुकीची चिन्हे, सिग्नल आणि रस्त्याचे नियम. अपघात झाल्यास चालकाची कर्तव्ये. बिनफाटकाचे रेल्वे क्रॉसिंग ओलांडताना घ्यायची खबरदारी. आणि वाहन चालवताना जवळ बाळगायची कागदपत्रे. एवढाच अभ्यासक्रम आहे. अनेक उमेदवार मोबाइलवरची प्रश्नपेढी पाठ करून जातात. त्याने गुण मिळतातही, पण प्रश्नाची शब्दरचना किंवा पर्यायांचा क्रम बदलला की पाठांतर कोलमडते. नियमामागचे कारण कळले असेल, तर उत्तर आठवावे लागत नाही.

सुरुवात चिन्हांपासून करावी. आकार आणि रंग कळले की निम्मे काम होते. लाल किनारीचे वर्तुळ मनाई किंवा मर्यादा सांगते, निळे वर्तुळ सक्ती सांगते. लाल किनारीचा त्रिकोण पुढच्या धोक्याची सूचना देतो आणि निळा चौकोन माहिती देतो. यात दोन अपवाद आहेत. ‘थांबा’ हे चिन्ह लाल अष्टकोनी असते आणि ‘रस्ता द्या’ हे उलट्या त्रिकोणाचे. गर्दी, धूळ किंवा अंधार यांमुळे अक्षरे वाचता आली नाहीत तरी निव्वळ आकारावरून ही दोन ओळखता यावीत, म्हणून त्यांचे आकार वेगळे ठेवले आहेत. उमेदवार सर्वांत जास्त गोंधळतात ते एकाच घराण्यातल्या जोड्यांमध्ये. निळ्या वर्तुळावर एक तिरकी लाल रेघ असेल तर गाडी उभी करून ठेवण्यास मनाई. दोन रेघांची फुली असेल तर क्षणभर थांबण्यासही मनाई. ‘अरुंद पूल’ आणि ‘पुढे रस्ता अरुंद’ हे दोन त्रिकोणही शेजारी ठेवून पाहावेत.

रस्त्याचे नियम हा सर्वांत मोठा भाग. त्यातल्या बहुतेक प्रश्नांचा गाभा एकच असतो : आधी जाण्याचा हक्क कोणाचा? नेहमी विचारला जाणारा एक प्रश्न पाहा. चालक अरुंद पुलाजवळ पोहोचतो आणि समोरून दुसरे वाहन पुलावर चढलेले असते. अशा वेळी वेग वाढवावा, हॉर्न देत पुढे जावे, दिवा लावून घुसावे, की ते वाहन पूल ओलांडेपर्यंत थांबावे? उत्तर थांबण्याचे आहे, कारण पुलावर चढलेल्याला मागे सरकायला जागा नसते. हेच कारण घाटातही लागू पडते. रस्ता अरुंद असेल तर चढणाऱ्या वाहनाला उतरणाऱ्याने वाट द्यायची, कारण चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलवणे कठीण. ज्या चौकात सिग्नल किंवा पोलीस नाही, तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. झेब्रा क्रॉसिंगवर पहिला हक्क पादचाऱ्याचा. लुकलुकणारा लाल दिवा दिसला तर पूर्ण थांबून, रस्ता मोकळा असल्याची खात्री करून निघायचे; लुकलुकणारा पिवळा असेल तर वेग कमी करून सावधपणे जायचे.

हाताचे इशारे दुचाकीस्वाराने वेगळे लक्ष देऊन शिकावेत. ते सगळे उजव्या हाताने करायचे असतात, आणि दुचाकीचे ॲक्सिलरेटर व पुढचा ब्रेक त्याच हाताशी असतात. उजवीकडे वळताना हात उजवीकडे आडवा पसरायचा. डावीकडे वळताना पसरलेला हात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवायचा. वेग कमी करताना तळवा जमिनीकडे करून हात वर-खाली हलवायचा. थांबताना कोपरापुढचा हात सरळ वर उचलायचा. हे वाचून लक्षात राहत नाही. खुर्चीत बसून चार-सहा वेळा करून पाहिले की विसरत नाही. प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र वळणाच्या बरेच आधी इशारा देऊन हात पुन्हा हँडलवर यायला हवा.

अपघाताबाबत मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ स्पष्ट आहे. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे हे चालकाचे पहिले कर्तव्य, आणि पोलिसांना शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांत, कळवणे हे दुसरे. बिनफाटकाच्या रेल्वे क्रॉसिंगवर थांबून, उतरून, दोन्ही बाजू पाहूनच पुढे जायचे. ब्रॉडगेज मार्गांवरची अशी क्रॉसिंग जानेवारी २०१९ पर्यंत हटवली गेली, तरी विषय अभ्यासक्रमात कायम आहे. कागदपत्रांत लायसन्स, नोंदणी प्रमाणपत्र, विमा आणि पीयूसी लक्षात ठेवावे.

दुचाकीपुरत्या काही तरतुदी वेगळ्या पाठ असाव्यात. चालकामागे एकच व्यक्ती बसू शकते. हेल्मेट दोघांनाही सक्तीचे आहे आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली बांधलेला असला पाहिजे. हे मोडल्यास कायद्यात १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबनाची तरतूद आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळल्यास तो गुन्हा ठरतो.

वयाचा नियम पालकांनी नीट वाचावा. सोळाव्या वर्षी मिळणारे लायसन्स विनागिअर आणि ५० सीसीपर्यंतच्याच दुचाकीचे असते, तेही पालकांच्या लेखी संमतीने. घराघरांत दिसणाऱ्या ११० किंवा १२५ सीसीच्या स्कूटर त्यात बसत नाहीत. अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला वयाच्या २५व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. क्लासला जायला सोपे पडते म्हणून किल्ली हातात देणाऱ्या घरांनी हे गांभीर्याने घ्यायला हवे.

चाचणी उत्तीर्ण झाल्यावर मिळणारे शिकाऊ लायसन्स सहा महिने चालते. त्या काळात दुचाकीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ लावावे लागते आणि शिकवणाऱ्या लायसन्सधारकाखेरीज कोणालाही मागे बसवता येत नाही. पक्क्या लायसन्सची चाचणी किमान ३० दिवसांनंतरच देता येते. त्या चाचणीची माहिती पुढच्या आठवड्यात.