ऐकू न येणारी साक्ष : नमाजमधल्या ‘तशह्हुद’चा अभ्यास कसा करायचा?

नमाजमध्ये दिली जाणारी साक्ष बाहेरच्या माणसाला ऐकू येत नाही. क्षेत्रकार्याला निघालेल्या संशोधकाची पहिली अडचण हीच. अजानमधली साक्ष साऱ्या गावाला ऐकू जाते. कराडच्या आदिलशाही मशिदीच्या मनोऱ्यांपाशी उभे राहा किंवा मिरजेला मीरासाहेब दर्ग्याच्या रस्त्यावर, अजानमधली ‘अश्हदु’ने सुरू होणारी वाक्यं कानावर पडतातच. पण नमाजमध्ये बसल्यावर तीच साक्ष ओठांतल्या ओठांत म्हणतात. इमामही मोठ्याने म्हणत नाही. शेजारी बसलेल्याला फार तर पुटपुटल्यासारखं काहीतरी जाणवतं. आता ज्याचा विषय ‘पठण’ आहे त्याने अशा वेळी नोंदवायचं काय?

पेटची परीक्षा देऊन आराखडा लिहायला बसलेल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं की धार्मिक पठणाचा अभ्यास म्हणजे रेकॉर्डर घेऊन जायचं, आवाज टिपायचा आणि घरी येऊन उतरवून काढायचा. भजन, कव्वाली, कीर्तन यांना ते चालतं. इथे चालत नाही. इथे मजकूर कळायला व्याकरण लागतं, आणि पठण दिसायला बोट.

आधी नावांचा घोळ निस्तरू. सातारा-सांगली भागात या पठणाला सर्रास ‘अत्तहिय्यात’ म्हणतात. ते त्याच्या पहिल्या शब्दावरून पडलेलं नाव. ग्रंथांत ‘तशह्हुद’ सापडतं. ते शेवटच्या भागावरून, म्हणजे त्यात येणाऱ्या शहादतीवरून. वस्तू एकच. सुरुवातीला सारे मानसन्मान आणि प्रार्थना अल्लाहला अर्पण, मग प्रेषितांना सलाम, मग स्वतःला आणि सगळ्या सज्जन भक्तांना सलाम, आणि त्यानंतर साक्ष. हे दोन रकात झाल्यावर बसतात तेव्हा म्हणायचं आणि शेवटच्या बैठकीत पुन्हा. पाच वेळच्या फर्ज नमाजांच्या रकाती 17, आणि अशा बैठका 9 : फजरची एक, बाकी चार नमाजांच्या दोन-दोन. सुन्नत, नफल, वित्र धरले तर आकडा आणखी वाढतो.

(गंमत म्हणून एक हिशेब करून बघा. मगरिबला तीनच रकाती. पण एखादा माणूस दुसऱ्या रकातीचा रुकू संपल्यावर जमातीत येऊन मिळाला, तर इमामाबरोबर दोनदा आणि राहिलेल्या रकाती पुऱ्या करताना दोनदा असं चार वेळा त्याला अत्तहिय्यात म्हणावं लागतं. मदरशातल्या पोरांना हे कोडं घालतात. नुसतं वाचून विधी समजत नाही, कागदावर मांडून बघावा लागतो, हे यातून चांगलं कळतं.)

दुसरा घोळ कलम्यांचा. आपल्याकडे मुलांना सहा कलमे क्रमाने पाठ करून घेतात. पहिल्यात ‘मी साक्ष देतो’ हे शब्दच नाहीत, थेट विधान आहे. साक्षीचं क्रियापद येतं ते दुसऱ्यात, म्हणून त्याचं नावच ‘कलमा-ए-शहादत’. नमाजमधली साक्ष या दुसऱ्याच्या जवळची, पण त्यातला ‘तो एकटा आहे, त्याला भागीदार नाही’ हा तुकडा तिच्यात सहसा म्हणत नाहीत. प्रबंधात ‘नमाजमध्ये कलमा म्हणतात’ एवढंच लिहून पुढे गेलात, तर हे तीन वेगळे मजकूर एकाच गाठोड्यात बांधले जातात.

आता वाक्याकडे येऊ. ‘अश्हदु’ म्हणजे मी साक्ष देतो. पुढचे दोन शब्द ‘अन्’ आणि ‘ला’. अन् म्हणजे ‘की’, ला म्हणजे ‘नाही’. अरबी पठणाच्या नियमाप्रमाणे ‘न्’पुढे ‘ल’ आला की न् त्यात विरघळतो, म्हणून उच्चार होतो ‘अल्ला’. मग ‘इलाह’ म्हणजे उपास्य, पूजेला पात्र असा कुणी. मग ‘इल्ला’ म्हणजे ‘वगळून’. आणि शेवटी अल्लाह.

देवनागरीत छापलेल्या नमाजच्या पुस्तिकांत हा सगळा मजकूर उच्चाराप्रमाणे असतो. मराठी शाळेत शिकलेल्या मुलांना त्याचाच आधार. तिथे ‘अश्हदु’नंतर छापलेलं दिसतं ‘अल्ला’. मराठी डोळा हा शब्द बघून काय समजेल? देवाचं नाव! प्रत्यक्षात तिथे देवाचं नाव नाहीच, तिथे आहे ‘की नाही’. नाव येतं ते वाक्याच्या अगदी टोकाला. अभ्यासात याला मी फार महत्त्व देईन. लिप्यंतर करणाऱ्याने उच्चार अगदी बरोबर टिपलेला असतो, आणि तरी वाचणाऱ्याला अर्थ उलटा लागू शकतो. नकार जिथे आहे नेमक्या तिथेच त्याला नाम दिसतं.

म्हणून उतारा घेताना निदान तीन ओळी ठेवा. एकीत ऐकलेला उच्चार, दुसरीत शब्द तोडून, तिसरीत शब्दशः अर्थ. दुसऱ्या साक्षवाक्यातही हेच होतं. ‘मुहम्मदन्’पुढे ‘रसूल’ आला की न् चा र् होतो आणि कानाला ‘मुहम्मदर्रसूल’ ऐकू येतं. पुस्तिकांत तेही कधी जोडून छापतात, कधी तोडून. शिवाय अरबीतला ‘ऐन’ आणि घशातून येणारा ‘ह’ यांना देवनागरीत स्वतंत्र अक्षर नाही. ‘अब्दुहू’मधला ‘अ’ खरं तर ऐन आहे, ‘अश्हदु’मधला ‘अ’ नाही. आपल्या लिपीत दोन्ही सारखेच दिसतात.

भाषांतर तर आणखी अवघड. सर्वांत रुळलेलं मराठी वाक्य साधारण असं असतं : अल्लाहशिवाय कोणीही उपास्य नाही. चुकीचं नाही. पण क्रम बघा. मराठीत क्रियापद शेवटी, म्हणून ‘नाही’ शेवटी जातं आणि अपवाद पहिला येतो. अरबीत आधी सरसकट नकार, आणि तो पुरता झाल्यावर एकमेव अपवाद. अर्थ तोच राहतो, पण वाक्याची चाल बदलते. आणि चाल बदलली की बोटाचं कोडं सुटत नाही.

साक्ष म्हणताना उजव्या हाताची तर्जनी उचलतात. हनफी पद्धतीत ‘ला’वर बोट वर जातं आणि ‘इल्ला’वर खाली येतं. नकाराला वर, होकाराला खाली. शाफई पद्धतीत ‘इल्लल्लाह’ म्हणताना बोट वर जातं आणि बैठक संपेपर्यंत तसंच राहतं. तिथे बोट नकार दाखवत नाही, उरलेला एक दाखवतं. म्हणजे वाक्य एकच, पण एका पद्धतीत बोट वाक्याचा पूर्वार्ध उचलून धरतं आणि दुसऱ्या पद्धतीत उत्तरार्ध. मराठी भाषांतर समोर ठेवून ही हालचाल जुळवायला गेलात तर काहीच जुळणार नाही, कारण मराठी वाक्यात ‘शिवाय’ आधीच येऊन गेलेलं असतं. अहले-हदीस मंडळींत तर अनेकदा बैठकीच्या सुरुवातीपासून बोट उचललेलं किंवा हलतं दिसतं.

याचा सातारा-सांगलीशी थेट संबंध आहे. घाटमाथ्यावरचा बहुसंख्य मुस्लिम समाज हनफी. गावचा मुलाणी, शहरातले बागवान, अत्तार, तांबोळी, शिकलगार, मणेर, बहुतेक सगळे. कराडहून पाटण, कोयना करत कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला गेलात की कोकणी मुसलमान भेटतात, आणि ते शाफई. अरबी समुद्रावरच्या जुन्या व्यापारातून किनाऱ्यावर तो मझहब रुजला, तर देशावर उत्तरेकडून आलेल्या तुर्क-अफगाण परंपरेतून हनफी. नोकरी-धंद्यासाठी कोकणातून वर आलेली कुटुंबं साताऱ्या-सांगलीत हनफी इमामामागेच उभी राहतात. कपड्यांवरून, बोलण्यावरून कदाचित काही कळणार नाही. बैठकीत मात्र कळतं. हनफी माणसाचा पंजा साक्षीपर्यंत मांडीवर मोकळा असतो. साक्ष आली की अंगठा आणि मधलं बोट यांचं कडं होतं आणि तर्जनी उठते. शाफई माणूस बसतानाच तर्जनी सोडून बाकी बोटं मिटून घेतो. एका सफेत शेजारी-शेजारी बसलेल्या दोन हातांत घाटाच्या दोन बाजू दिसतात.

जे दिसत नाही ते आणखी वेगळं. दोघांचे शब्दही एक नाहीत. हनफी पठण अब्दुल्लाह इब्न मसऊद यांच्या कथनावर आधारलेलं. प्रेषितांनी आपला हात दोन्ही हातांत धरून, कुराणातला सूरा शिकवावा तसं हे शिकवलं, असं ते सांगतात. शाफई पठण इब्न अब्बास यांच्या कथनाचं. त्यात सुरुवातीला ‘मुबारकात’ हा जास्तीचा शब्द येतो. शेवटी हनफी म्हणतो मुहम्मद त्याचे ‘अब्द’ आणि रसूल, म्हणजे दास आणि प्रेषित. शाफईंच्या रूढ पाठात फक्त अल्लाहचे रसूल, अगदी अजानमध्ये येतं तसं. तेव्हा ‘नमाजमधल्या साक्षीचा मूळ पाठ’ असा एकवचनी मथळा प्रकरणाला देऊ नका. दोन्ही पाठ प्रमाण मानले जातात, दोन्ही हदीसच्या संग्रहांत आहेत, आणि कुठल्याही मझहबचे विद्वान दुसऱ्याची नमाज बाद ठरवत नाहीत. दर्जाचा फरक मात्र आहे. शाफईंच्या मते शेवटच्या बैठकीतलं तशह्हुद हा नमाजचा स्तंभच, तो राहिला तर नमाज अपुरी. हनफी ते वाजिब मानतात, विसरलं तर ‘सजदा-ए-सह्व’ करून भरपाई होते.

‘साक्ष’ या शब्दावर थोडं थांबू. संस्कृत ‘साक्षी’मध्ये डोळा आहे : स-अक्ष, ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तो. अरबी ‘श-ह-द’ या धातूत हजर असणं आणि बघणं, दोन्ही आहेत. मराठेशाहीतल्या निवाड्यांचे कागद चाळलेत तर तिथे ‘महजर’ भेटेल. तोही अरबीच, हजर असण्यावरून आलेला. आणि साक्षीदाराला जुना मराठी शब्द ‘गोही’, फारसी ‘गवाह’चा भाऊ. म्हणजे न्यायाच्या कामात ही कल्पना आपल्याकडे मोडीतल्या कागदांपासून मुरलेली आहे : जो हजर होता त्यानेच बोलायचं. मग जो अदृश्य आहे त्याच्याबद्दल ‘मी साक्ष देतो’ कसं म्हणायचं? धर्मपंडितांचं उत्तर साधारण असं, की इथे साक्ष डोळ्यांची नाही, खात्रीची. जीभ जे बोलते त्याला मनाची मान्यता हवी, नाहीतर ती साक्ष नव्हे. आणि क्रियापद वर्तमानकाळात, प्रथमपुरुषी एकवचनी आहे. जमात शंभराची असली तरी इथे ‘आम्ही’ नाही. फातिहात ‘आम्ही’ आहे, सलामात ‘आमच्यावर’ आहे, साक्षीला आल्यावर प्रत्येक जण एकटा. मला वाटतं, ती हळू आवाजात का म्हणतात याचा धागा इथेही शोधता येईल, पण हा माझा तर्क आहे, फिक्हचा दाखला नाही.

भाषाविज्ञानवाल्यांना इथे ऑस्टिन आठवेल : काही वाक्यं माहिती देत नाहीत, ती उच्चारणं हीच कृती असते. ‘मी शपथ घेतो’ तसंच ‘मी साक्ष देतो’. पण कृती घडायला नियत लागते. म्हणून वर्गात किंवा मुलाखतीत हे शब्द अभ्यासासाठी वाचणं आणि साक्ष देणं एक नव्हे. बिगर-मुस्लिम विद्यार्थ्यांना इथे उगाच धास्ती असते, तर मुस्लिम घरांत कधी उलटी शंका : हा पोरगा हे कशाला विचारतोय? दोन्ही मनात धरून जा. नमाज चालू असताना हातांचे फोटो काढू नका, अगदी मागून सुद्धा. परवानगी मशिदीच्या ट्रस्टींकडून घेतली तरी ती त्या शंभर माणसांची नसते. त्यापेक्षा मकतबच्या वेळेला, मौलानांना विचारून बसा. पोरं तिथे अत्तहिय्यात मोठ्याने पाठ करतात. सगळ्यांना ऐकू येईल असं ते म्हटलं जाण्याची जागा हीच. उच्चार, चुका, दुरुस्त्या, ‘ला’वर बोट उचलायची तालीम, सगळं तिथे. बायकांचं पठण घरात होतं, ते ज्येष्ठ बाई आपणहून सांगतील तेव्हाच. ‘म्हणून दाखवा’ म्हणण्यापेक्षा ‘तुम्हाला कुणी शिकवलं?’ असं विचारलंत तर आजी, गाव, घाट, पुस्तिका सगळं आपोआप बोलण्यात येतं.

ज्यांना विषय हवाय त्यांच्यासाठी एक : कोकणातून साताऱ्या-सांगलीत येऊन राहिलेल्या घरांतली मुलं हनफी मकतबमध्ये जातात. त्यांच्या तोंडी कुठला पाठ बसतो, आजोबांचा की मौलानांचा? शब्द एका मझहबचे आणि बोट दुसऱ्याचं असं होतं का? हे तपासायला दोन-चार गावं आणि एका वर्षाचा संयम पुरेल.