आपला निरोप जातो कोणत्या वाटेनं?

उंब्रजच्या स्वयंपाकघरात बसून परदेशातल्या लेकीशी समोरासमोर बोलणं आता नवलाचं राहिलेलं नाही. दूध, भाजी, शिकवणीची फी, सगळं फोनवरूनच भागतं. पण हे चालतं कसं, असं कुणी विचारलं की आपण म्हणतो, "ते मुलांना विचारा!" मैत्रिणींनो, आपला पैसा ज्या वाटेनं जातो ती वाट आपल्याला ठाऊक नको का?

इंटरनेट म्हणजे एकमेकांना जोडलेल्या असंख्य संगणकांचं जाळं. ते आभाळात नाही बरं का! मोबाईलपासून टॉवरपर्यंत हवेतून प्रवास. पुढे बहुतेक सगळा केसासारख्या बारीक काचतंतूंच्या केबलमधून. मुंबईच्या किनाऱ्यावरून अशा केबल समुद्राच्या तळानं परदेशी गेल्या आहेत.

समजा, वीस पानी पत्र पाठवायचंय. प्रत्येक पान वेगळ्या पाकिटात घातलं, प्रत्येकावर पत्ता नि पानाचा क्रमांक लिहिला. काही पाकिटं पुण्यावरून गेली, काही कोल्हापूरवरून. पलीकडे पानं क्रमानं लावली. सातवं आलंच नाही, तर तेवढंच पुन्हा मागवलं. झालं! अशा ठरलेल्या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. पत्त्याचा नियम तो आयपी. क्रम आणि पोचपावतीचा तो टीसीपी. व्हिन्ट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी या पद्धतीचा पाया १९७४ मध्ये घातला. आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ पासून.

आता महत्त्वाचं. साधं पाकीट वाटेत कुणीही वाचू शकतं. म्हणून संकेतस्थळाच्या पत्त्यात सुरुवातीला 'एचटीटीपीएस' हवं. त्यातला शेवटचा 'एस' सांगतो की पाकीट मोहोरबंद आहे. पण भल्याभल्या फसतात त्या इथेच! मोहोर फक्त वाट राखते. पलीकडचा माणूस सज्जन आहे, याची हमी देत नाही. भामट्यालाही मोहोर लावता येते.

तेव्हा कुणी पाठवलेल्या लिंकवरून बँकेत शिरू नका. पत्ता स्वतः टाईप करा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो. आणि फसवणूक झालीच, तर घरचे बोलतील म्हणून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा. वेळेत कळवलं, तर पैसे पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. संकोचात गेलेला तासच महागात पडतो.