मानमोडीचं गाव कोणतं?

माझी आजी स्वतःचं वय मानमोडीवरून सांगायची. "मानमोडी आली तेव्हा मी अकरा वर्षांची," एवढाच तिचा जन्मदाखला. मान मोडून टाकणारा ताप, म्हणून मानमोडी. नावात माणसाचं दुखणं आहे, कुठलाही देश नाही. १९१८ ची हीच साथ जगात 'स्पॅनिश फ्लू' म्हणून ओळखली जाते हे शाळेत वाचलं, तेव्हापासून एक प्रश्न पाठ सोडत नाही. स्पेनच का?

कारण वर्तमानपत्रांत सापडतं. महायुद्धात उतरलेल्या देशांत बातम्यांना लष्करी कात्री लागत होती. स्पेन तटस्थ होता. मे १९१८ मध्ये माद्रिदच्या पत्रांनी राजा तेरावा अल्फान्सो आजारी पडल्याचं सरळ छापलं. जगाने ते वाचलं आणि साथ तिथलीच ठरवली. त्याआधीच अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये डॉ. लोरिंग मायनर या खेड्यातल्या डॉक्टरने सरकारला सावध केलं होतं. एप्रिलमध्ये सरकारी साप्ताहिकात नोंद आली ती एवढीच: १८ गंभीर रुग्ण, ३ मृत्यू. साथीचा उगम तिथला की फ्रान्समधल्या लष्करी छावणीतला, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. स्पेनकडे मात्र त्यांच्यापैकी क्वचितच कोणी बोट दाखवतो.

मला सर्वांत जास्त गुंतवलं ते मुंबईतल्या भांडणाने. १० जून १९१८ रोजी पोलिसांच्या इस्पितळात सात शिपाई तापाने दाखल झाले. ताप हिवतापाचा नव्हता आणि त्यांतल्या एकाची नेमणूक गोदीत होती. पाठोपाठ गोदीतली माणसं पडली, मग पोर्ट ट्रस्ट, बँका, तार ऑफिस, गिरण्या. महापालिकेचे आरोग्य अधिकारी डॉ. जे. ए. टर्नर यांनी माग काढला तो मेअखेर गोदीला लागलेल्या जहाजापर्यंत. सरकारचं म्हणणं उलटं: खलाशांनाच मुंबईत लागण झाली. मुंबईच्या आरोग्य-इतिहासाच्या अभ्यासक मृदुला रामण्णा यांनी दाखवून दिलंय की आटोक्यात न येणारी साथ हिंदी लोकांच्या अस्वच्छतेच्या माथी मारायची, ही राज्यकर्त्यांची जुनी सवय होती. मला टर्नरचं पटतं. साथ वस्तीतून गोदीत गेली नाही, गोदीतून वस्तीत आली. टर्नर स्वतः इंग्रज, तरी वरच्यांना सोयीचं ते त्याने लिहिलं नाही. पावसाळा संपता संपता दुसरी लाट आली. ६ ऑक्टोबरला मुंबईत एका दिवसात ७६८ माणसं गेली.

ही कागदपत्रं चाळताना २०२१ चा मे महिना सारखा आठवत राहिला. परदेशी पत्रांत 'इंडियन व्हेरिएंट' हे मथळे होते. विषाणूचा तो प्रकार भारतातल्या नमुन्यांत आधी नोंदला गेला, म्हणून तो भारताचा. आपल्या सरकारने हरकत घेतली आणि ती रास्तच होती. ३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने त्याला 'डेल्टा' म्हटलं. पण वर्षभर आधी आपल्याच काही वाहिन्या 'चिनी व्हायरस' म्हणत होत्या, तेव्हा आपण गप्प बसलो. रोगाला गावाचं नाव देऊ नये, हा संघटनेचा नियम २०१५ पासूनचा आहे. तो मोडताना आपल्यालाही काही वाटलं नाही.

मथळ्यात ठिकाण आलं की वाचक शोध थांबवतो आणि पहिल्यांदा खरं सांगणाऱ्याच्या माथी दोष बसतो. म्हणून एक विनंती. घरातल्या जुन्या पत्रांत, जमाखर्चाच्या वह्यांत 'मानमोडी' हा शब्द दिसला, तर तो कागद रद्दीत घालू नका. शेजारी तारीख आणि गावाचं नाव असेल, तर नक्कीच नाही.