छत्तीस मिनिटांचा पाठ, अख्खं मूल

वर्गात मुलं नसतात. बाकांवर बसलेले असतात सात-आठ सहाध्यायी, आणि पुढची ६ मिनिटं त्यांनी सातवीचे विद्यार्थी व्हायचं असतं. फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या छात्राध्यापिकेला एकच कौशल्य दाखवायचं आहे: प्रश्न विचारण्याचं. मागच्या बाकावरची मैत्रीण निरीक्षण तक्त्यावर खुणा करते आहे. प्रश्न नेमका होता का, विचारल्यावर मुलांना विचार करायला अवधी दिला का, उत्तर चुकलं तेव्हा सूचक प्रश्न टाकला की सरळ पुढच्या मुलाकडे बोट केलं, पहिल्या बाकावरच्या दोघांनाच पुन्हा पुन्हा उठवलं का. ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं प्रत्याभरण, १२ मिनिटांत पाठाची नवी मांडणी, मग दुसऱ्या गटापुढे तोच पाठ ६ मिनिटं आणि शेवटी आणखी ६ मिनिटं प्रत्याभरण. सगळे मिळून ३६ मिनिटं.

बी.एड. केलेल्या कुणालाही सूक्ष्म अध्यापनाचं हे चक्र विसरता येत नाही. १९६३ च्या सुमारास अमेरिकेत, स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अ‍ॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते बसवलं, आणि पुढच्या दशकात ते भारतातल्या अध्यापक महाविद्यालयांत रुजलं. त्यामागचा विचार साधा आहे. शिकवणं ही एक क्रिया नाही, ती अनेक लहान क्रियांची गुंफण आहे. मग त्या सुट्या करून एकेक घोटून का घेऊ नयेत? प्रश्न, स्पष्टीकरण, दाखले, प्रबलन, फलकलेखन. सुटी कौशल्यं हाताला बसली की दोन-तीन एकत्र घेऊन सेतुपाठ घ्यायचे, मग खऱ्या शाळेत सराव पाठ, आणि मग सलग काही आठवडे शाळेतच राहायचं, ज्याला जुने प्राध्यापक अजूनही छात्रसेवाकाल म्हणतात आणि नवा अभ्यासक्रम अंतर्वासिता.

ही पद्धत चांगली आहे. चुकीच्या सवयी मुलांवर प्रयोग न करता मोडता येतात, हा तिचा मोठा गुण. पण शिक्षक सुट्या कौशल्यांनी घडवता आला, तरी वर्गात येणारं मूल सुटं येत नाही. ते आपली भूक, घरची भाषा, रात्रीची अपुरी झोप, हाताची कसबं, भीती आणि कुतूहल हे सगळं घेऊन बाकावर बसतं. ३६ मिनिटांत न मावणाऱ्या या मुलाचा अभ्यास कुणी करायचा? ते काम शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाचं, म्हणजे एम.एड.चं आहे. आणि ते किती महत्त्वाचं आहे हे सोलापूरसारख्या जिल्ह्यात जितकं लख्ख दिसतं, तितकं क्वचितच कुठे दिसत असेल.

शिक्षण हा विद्यापीठात पदव्युत्तर पातळीवर अभ्यासायचा विषय आहे, हे भारतात सर्वात आधी मुंबई विद्यापीठाने मानलं. १९३६ साली तिथे एम.एड. सुरू झालं. त्यानंतर १९४८ मध्ये जे. पी. नाईक यांनी मुंबईत भारतीय शिक्षण संस्था उभी केली, तीही शिक्षणातल्या पदव्युत्तर संशोधनासाठीच. पुढे १९७६ मध्ये ही संस्था पुण्यात कोथरूडला आली. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव असलेले नाईक मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातले, आणि ग्रामीण शिक्षणाचं त्यांचं काम गारगोटीच्या परिसरात वाढलं. शिक्षणाचं संशोधन महानगरातल्या ग्रंथालयात बसून पुरं होत नाही, त्याला खेड्यातल्या शाळेची जमीन लागते, हे त्यांनी आणि त्यांच्या पत्नी चित्रा नाईक यांनी आयुष्यभर करून दाखवलं.

सोलापूरला मात्र स्वतःचं विद्यापीठ मिळायला बराच काळ जावा लागला. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आला. नोंदणी, मार्गदर्शकाची मान्यता, प्रबंध सादर करणं, तोंडी परीक्षा, सगळ्यासाठी कोल्हापूर गाठावं लागे. १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर विद्यापीठ स्थापन झालं. एकाच जिल्ह्यासाठी असलेलं हे राज्यातलं वेगळं विद्यापीठ. २०१९ पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखलं जातं. पुणे रस्त्यावर केगावला त्याचा परिसर आहे. ११ तालुक्यांचा जिल्हा आणि तेवढंच विद्यापीठ, ही कुणाला उणीव वाटेल. शिक्षणशास्त्रापुरतं बोलायचं तर ती संधी आहे. ज्या शाळांचा अभ्यास करायचा त्या, अभ्यास करणारे शिक्षक आणि त्यांना पदवी देणारं विद्यापीठ हे सगळं एका दिवसाच्या एसटीच्या प्रवासात मावतं.

मुलाकडे अख्खं पाहण्याची परंपराही या गावाला नवी नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत अमेरिकन मराठी मिशनने सोलापुरात बालवाडी चालवली आणि तिच्यासोबत बालवाडीच्या शिक्षिका तयार करणारे वर्गही. फ्रोबेलच्या विचाराची ही शाळा: गाणं, खेळ, माती, बाग आणि हाताने करायच्या वस्तू यांतून शिकणारं मूल. मेरी हार्डिंग यांचं नाव या कामाशी जोडलेलं आहे. गिरण्यांच्या भोंग्यावर चालणाऱ्या शहरात तेव्हा चार-पाच वर्षांच्या मुलांना कसं शिकवायचं हे शिकवलं जात होतं. सोलापूरच्या इतिहासात गिरण्या आणि १९३० चा मार्शल लॉ यांवर पुष्कळ लिहिलं गेलं. बालशिक्षणाचं हे पान त्या मानाने दुर्लक्षित राहिलं आहे. एखाद्या एम.एड.च्या विद्यार्थिनीने ते हाती घ्यावं इतकं ते मोलाचं आहे.

आजचं सोलापूर पाहू. शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी पद्मशाली घरं, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात कन्नड, शहरात मोठ्या संख्येने उर्दू, आणि या सगळ्यांच्या भोवती मराठी. चारही भाषांच्या शाळा जिल्ह्यात आहेत. पण घरची भाषा एक आणि शाळेचं माध्यम दुसरं अशी मुलंही असंख्य. अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीला विडी कामगार महिलांची १०,००० घरांची वसाहत आहे, गोदूताई परुळेकरांच्या नावाची, २००६ मध्ये उभी राहिलेली. तिथल्या कितीतरी घरांत आई तेलुगूत बोलते, मूल गल्लीत मराठी आणि हिंदी उचलतं आणि शाळेत पुस्तकाच्या मराठीशी झगडतं.

अशा वर्गातली एक नेहमीची गोष्ट घ्या. तिसरीतली मुलगी अंकांत मांडलेली वजाबाकी बिनचूक करते, हातचाही चुकत नाही. तीच वजाबाकी शाब्दिक उदाहरणात आली की ती अडते. बहुतेक वेळा शेरा पडतो, ‘गणित कच्चे’. शिक्षणशास्त्र शिकलेला शिक्षक इथे थांबतो. तेच उदाहरण तो तोंडी सांगून पाहतो, शेजारच्या मुलीकडून तेलुगूत सांगवतो, बियांच्या ढिगावर करायला लावतो. चार रीतींपैकी तीन रीतींत उत्तर बरोबर आलं, तर अडचण गणिताची नाही, वाचनाची आहे, हे त्याला कळतं. मग तो घराकडे पाहतो. तिच्या आईची मजुरी हजार विड्यांवर ठरते. विड्या मोजल्या जातात, त्यांच्या जुड्या बांधल्या जातात, जुड्यांचा हिशेब कारखान्यात द्यावा लागतो. एकक, शतक, सहस्र या स्थानिक किमती त्या घरात रोज संध्याकाळी जमिनीवर मांडलेल्या असतात. मुलीला विड्या वळायला बसवायचं नाही, कधीच नाही. पण आईच्या मोजणीतलं गणित वर्गात आणता येतं, आणि आणल्यावर त्या मुलीला कळतं की आपल्या घरातही शिकण्यासारखं काही आहे.

समग्र शिक्षण म्हणतात ते यालाच. हा शब्द आता सरकारी कागदांत सगळीकडे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात समग्र आणि बहुविद्याशाखीय शिक्षणाचा आग्रह आहे. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या आराखड्यात पंचकोशांची मांडणी आहे: अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय, आनंदमय. गुणपत्रिकेच्या जागी समग्र प्रगती पत्रक यावं, त्यात शिक्षकाबरोबर मुलाने स्वतः आणि सोबत्यांनीही नोंद करावी, अशीही अपेक्षा आहे. महाराष्ट्राला यातलं फारसं काही नवं नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हात, हृदय आणि मेंदू यांना एकत्र जोडणारी नई तालीम मांडली, ती एखाद्या उद्योगाच्या आधाराने शिकवण्याची होती. बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी पाड्यांवर शाळाच मुलांकडे नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. चादरी आणि टॉवेलचं भौगोलिक मानांकन मिरवणाऱ्या सोलापुरात मागाचा ताणा-बाणा गणिताच्या वर्गात यावा, यासाठी नव्या धोरणाची वाट पाहण्याचं कारण नव्हतं.

धोका दुसराच आहे. समग्रता हा वेळापत्रकातला आणखी एक तास होऊन बसतो. सोमवारी योग, बुधवारी हस्तकला, शनिवारी दप्तराविना शाळा, आणि बाकी तासांना पूर्वीसारखंच घोकणं. मूल अख्खं पाहणं हे प्रत्येक तासात, अगदी वजाबाकीच्याही तासात, करायचं काम आहे. ते परिपत्रकाने होत नाही. त्यासाठी निरीक्षण करण्याची, नोंद ठेवण्याची आणि स्वतःच्या समजुती तपासून पाहण्याची शिस्त लागते, आणि ती शिस्त लावण्याची जागा म्हणजे एम.एड.चा लघुप्रबंध.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी एम.एड. दोन वर्षांचं केलं: ८० श्रेयांक, वर्षाला किमान २०० कामाचे दिवस, एका तुकडीत ५० विद्यार्थी. शिक्षणाचं तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, समाजशास्त्र, अभ्यासक्रमाची रचना, संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्र असे विषय; अध्यापक महाविद्यालयातली अंतर्वासिता; आणि लघुप्रबंध. सगळ्यात घाम फुटतो तो यातल्या दोन गोष्टींनी, संख्याशास्त्राने आणि लघुप्रबंधाने. समस्या निवडायची, संबंधित साहित्याचा आढावा घ्यायचा, शून्य परिकल्पना मांडायची, नमुना ठरवायचा, प्रायोगिक आणि नियंत्रित गट करायचे, पूर्व चाचणी आणि उत्तर चाचणी घ्यायची, टी-मूल्य काढायचं.

या साच्याने एक नुकसानही केलं आहे. अमुक कार्यक्रम, तमुक इयत्ता, अमुक विषय, त्याची परिणामकारकता: एक अभ्यास. अशा शीर्षकांचे लघुप्रबंध महाराष्ट्रातल्या प्रत्येक अध्यापक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ओळीने उभे आहेत. कार्यक्रम पंधरा दिवसांचा, उत्तर चाचणी लगेच, फरक सार्थ, परिकल्पनेचा त्याग, शिफारशी आणि पुठ्ठा बांधणी. मूल त्यात गुणांच्या रकान्यापुरतं उरतं. याउलट कृतिसंशोधन शिक्षकाला त्याच्या स्वतःच्या वर्गात उभं करतं. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधले स्टीफन कोरी यांनी १९५३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्यांचं म्हणणं हेच होतं की शाळेतला बदल शिक्षकाने स्वतः केलेल्या शोधातून यावा. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात ऊसतोडीच्या हंगामात मुलं का आणि कुठे गळतात, कन्नड घरातलं मूल मराठी वाचू लागताना नेमकं कुठे अडखळतं, आषाढीच्या दिवसांत पंढरपूरच्या शाळा कशा चालतात, हे प्रश्न सोलापूरच्या शिक्षकाशिवाय दुसरं कोण विचारणार?

शिक्षकाने वर्गातली अडचण हेरली आणि उत्तर शोधलं की ते किती दूर जाऊ शकतं, याचा पुरावा याच जिल्ह्यात आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले २००९ मध्ये रुजू झाले. पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड लावून कविता, चित्रफिती आणि गृहपाठ मुलांच्या घरापर्यंत नेण्याची त्यांची कल्पना पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली. ३ डिसेंबर २०२० रोजी वार्की फाउंडेशनचा १० लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना जाहीर झाला, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर ९ शिक्षकांत वाटली. पुरस्काराची बातमी गाजली. त्याआधीची वर्षं, म्हणजे एका खेड्यातल्या वर्गात करून पाहण्याची, चुकण्याची आणि पुन्हा करण्याची वर्षं, जास्त मोलाची होती. तशी वर्षं जिल्ह्यातले आणखी कितीतरी शिक्षक जगत आहेत. त्यांच्या कामाची पद्धतशीर नोंद होत नाही, एवढाच फरक.

ती नोंद व्हावी तर नोकरी करणाऱ्या शिक्षकाला हा अभ्यास झेपला पाहिजे. पूर्णवेळ दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी रजा मिळवणं प्राथमिक शिक्षकाला फार अवघड जातं, आणि संसार सांभाळणाऱ्या शिक्षिकेला त्याहून. २०२५ च्या नियमांच्या मसुद्यात एक वर्षाचं पूर्णवेळ आणि काम करणाऱ्यांसाठी दोन वर्षांचं अर्धवेळ एम.एड. सुचवलं गेलं. अर्धवेळ वर्गाची वाट सोलापूरसारख्या जिल्ह्याला खरोखर हवी आहे, फक्त तीत लघुप्रबंध उरकण्याची बाब होऊ नये. सोमवार ते शुक्रवार वर्गात पडलेला प्रश्न शनिवारी मार्गदर्शकापुढे ठेवता येणं, याहून चांगली संशोधनाची सोय नाही.

आणि एक मागणी, सोलापूर-बार्शीच्या शिक्षणशास्त्र महाविद्यालयांकडे आणि विद्यापीठाकडे. ज्या शाळेतल्या मुलांनी पूर्व चाचणी दिली, उत्तर चाचणी दिली, प्रश्नावल्या भरल्या, त्या शाळेला निष्कर्ष कळवण्याची रीत आजही सर्रास नाही. लघुप्रबंध स्वीकारण्याआधी एक अट घालावी: दोन पानांचा गोषवारा, साध्या मराठीत आणि शाळा कन्नड, तेलुगू वा उर्दू माध्यमाची असेल तर त्या भाषेत, मुख्याध्यापकांकडे पोहोचवायचा आणि शिक्षकांच्या बैठकीत वाचून दाखवायचा. याला वेगळा निधी लागत नाही, शासन निर्णयही लागत नाही. येत्या सत्रापासून हे सुरू करता येईल.